८ जीबी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असताना रिकाम्या स्लॉटमध्ये किती टाकावी?

प्रश्न असा आहे. लॅपटॉप २०२१ मध्ये घेतलेला, प्रोसेसर इंटेल कोअर आय५-११३५जी७, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. ८ जीबी डीडीआर४ रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. प्रश्न विचारणारा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड स्टुडिओ (फोनची अॅप बनवायचं सॉफ्टवेअर), त्यासोबत एम्युलेटर (लॅपटॉपच्या स्क्रीनवरच चालणारा फोन), क्रोमचे पंधरा-वीस टॅब, आणि अधूनमधून थोडं व्हिडिओ एडिटिंग. तक्रार अशी की काम करताना मशीन अडकतं. दुकानदाराने सांगितलं, ‘८ ला ८च लावा, १६ लावली तर ड्युअल चॅनल तुटेल आणि मशीन उलट स्लो होईल.’ (ड्युअल चॅनल म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या दोन वाटा एकाच वेळी वापरणं.) मित्र म्हणतो, एकदाच ३२ टाकून मोकळा हो. तर ८, १६ की ३२?

माझा लॅपटॉप दुरुस्तीचा व्यवसाय आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात रोज समोर येतो. माझं उत्तर आधीच सांगतो: तुमच्या कामाला १६ जीबीची एक स्टिक, म्हणजे एकूण २४. पण ते डोळे झाकून ऐकू नका. खाली एक मोजणी सांगतो, ती तुमच्याच मशीनवर करा. तिचा आकडा कमी आला तर ८ पुरेल आणि तेवढे पैसे वाचतील.

तुम्ही प्रश्न ड्युअल चॅनलच्या अंगाने विचारलाय, पण लक्षणं काय लिहिलीत ते परत वाचा. एम्युलेटर उघडला की माऊस अडकत चालतो, क्रोमच्या जुन्या टॅबवर गेलं की पान पांढरं होऊन पुन्हा लोड होतं, बिल्ड (म्हणजे कोडपासून अॅप तयार करणं) चालू असताना टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. ही सगळी रॅम कमी पडल्याची लक्षणं आहेत. रॅमचा वेग कमी पडला की मशीन एकंदर जरा मंद वाटतं, असं मध्येच गोठत नाही. रॅमची जागा संपली की गोठतं. म्हणून मी नेहमी याच क्रमाने विचार करतो: आधी काम रॅममध्ये मावतंय का, मग दोन्ही चॅनल वापरात येतायत का, आणि सगळ्यात शेवटी स्टिकचा वेग, रँक (स्टिकवरच्या चिपांचे गट) वगैरे.

हा क्रम का, ते आकड्यांत बघू. डीडीआर४-३२०० चं एक चॅनल ६४ बिटांचं असतं. सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा ८ बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५.६ जीबी दर सेकंदाला. दोन चॅनल मिळून ५१.२. आता रॅम भरली की विंडोज काय करतं? आधी मेमरीची न वापरलेली पानं (तुकडे) दाबून लहान करतं, म्हणजे टास्क मॅनेजरमध्ये ‘कॉम्प्रेस्ड’ दिसतं ते. तेवढ्यानेही भागलं नाही की ती पानं एसएसडीवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं. तुमच्या प्रकारची चांगली एनव्हीएमई एसएसडी सलग मोठी फाइल वाचताना साडेतीन जीबी प्रति सेकंदापर्यंत जाते, पण पेजफाइलमधून परत आणायचे तुकडे बहुतेक लहान आणि विखुरलेले असतात. रॅममधून एखादी गोष्ट यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून यायला काही दहा मायक्रोसेकंद, म्हणजे काहीशे पट जास्त. चॅनल एकच मिळालं तर नुकसान जास्तीत जास्त निम्म्याचं. रॅमबाहेर सांडलं तर शेकडो पटींचं. दुकानदाराच्या सल्ल्यात या दोन नुकसानांची तुलनाच केलेली नाही.

आता ८ अधिक १६ ने ड्युअल चॅनल ‘तुटतं’ का? नाही. इंटेलचा मेमरी कंट्रोलर अशा वेळी ज्याला फ्लेक्स मोड म्हणतात त्या पद्धतीने चालतो. सोल्डर केलेली ८ जीबी एका चॅनलवर, तुमची नवी स्टिक दुसऱ्या चॅनलवर. दोन्हीकडची जेवढी जागा जुळते तेवढी तो जोडीने वापरतो, उरलेली एकट्याने. म्हणजे ८ अधिक ८ मध्ये पूर्ण १६ जीबी ड्युअल. ८ अधिक १६ मध्ये १६ जीबी ड्युअल आणि वरची ८ सिंगल. ८ अधिक ३२ मध्ये तीच १६ जीबी ड्युअल आणि वरची २४ सिंगल. नीट बघा, ड्युअलचा भाग तिन्ही पर्यायांत सारखाच, १६ जीबीचा आहे. मोठी स्टिक लावून तुम्ही त्यातलं काही गमावत नाही, वर जास्तीची जागा मिळवता, फक्त ती निम्म्या वेगाची. कोणता प्रोग्रॅम कोणत्या भागात बसेल हे विंडोज चॅनल बघून ठरवत नाही, त्यामुळे एखादं काम कधी संथ भागात पडेलही. अँड्रॉइड स्टुडिओच्या बिल्डमध्ये तो फरक घड्याळ लावून शोधावा लागेल. तेच काम पेजफाइलमध्ये गेलं तर घड्याळ लागणार नाही, बसल्या जागी कळेल.

एएमडीच्या रायझन लॅपटॉपवरही कमी-जास्त क्षमतेच्या दोन स्टिक चालतात आणि तर्क हाच राहतो.

दुकानदारावर रागावू नका. त्यांचं म्हणणं एका काळी अगदी बरोबर होतं. २००० च्या शेवटी आलेल्या पेंटियम ४ च्या आय८५० चिपसेटवर आरडीरॅम नावाची रॅम लागायची आणि ती जोडीनेच टाकावी लागे. रिकाम्या स्लॉटमध्येसुद्धा नुसतं जोडणीचं कार्ड बसवावं लागे, नाहीतर मशीन चालूच होत नसे. त्या पिढीत शिकलेला माणूस ‘जोडी सारखीच हवी’ हे विसरत नाही. आणि दोन समान स्लॉट असतील, दोन्ही रिकामे असतील, तर आजही मी जोडीच घ्या म्हणेन. तुमच्याकडे अर्धी जोडी कारखान्यातच सोल्डर झालीय. तिच्या चिपशी तंतोतंत जुळणारी स्टिक दुकानात मिळणारच नाही, मग कंपनी सारखी हवी हा आग्रह धरून काय साधणार?

उलट तुमच्या मशीनवर आज काय चाललंय ते बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अॅडॉप्टरच्या खाली नाव वाचा. प्रोसेसरच्या जाहिरातीत आयरिस एक्सई ग्राफिक्स लिहिलेलं असेल, पण तुम्हाला तिथे बहुधा ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ दिसेल. यात फसवणूक नाही. आयरिस एक्सई हे नाव वापरायला १२८ बिटांची, म्हणजे दोन्ही चॅनल भरलेली मेमरी हवी, ही इंटेलचीच अट आहे. एकच चॅनल असेल तर तीच चिप यूएचडी म्हणून दिसते. स्लॉटमध्ये स्टिक बसवली, विंडोज पुन्हा चालू केलं, की सहसा नाव बदलून आयरिस एक्सई होतं. म्हणजे ड्युअल चॅनल तुमच्याकडे आज नाहीच, तुटणार कुठून? ८ घ्या, १६ घ्या, ३२ घ्या, तिन्ही पर्याय तुम्हाला सिंगलमधून ड्युअलमध्ये आणतात. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना हा फायदा मोठा आहे, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून खातं. एम्युलेटरची स्क्रीन, व्हिडिओच्या टाइमलाइनवरचं स्क्रबिंग, एखादा हलका गेम, सगळीकडे हा बदल डोळ्याला दिसतो.

आता मोजणी. लॅपटॉप रीस्टार्ट करा. मग तुमच्या सगळ्यात जड दिवसासारखं सगळं उघडा: अँड्रॉइड स्टुडिओमध्ये खरा प्रोजेक्ट, एम्युलेटर चालू, क्रोमचे नेहमीचे टॅब, मागे गाणी लावत असाल तर तीही. पूर्ण बिल्ड चालवा. बिल्ड चालू असतानाच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. बहुतेक जण ‘इन यूज’ बघतात. ८ जीबीच्या मशीनवर तो आकडा सात-साडेसातच्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे त्याने काही कळत नाही. तुम्ही ‘कमिटेड’ बघा. तिथे दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिलेले असतात. डावीकडचा आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडून कबूल करून घेतलेली मेमरी, मग ती रॅममध्ये असो वा पेजफाइलमध्ये. उजवीकडचा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा.

डावा आकडा म्हणजे तुमची नेमकी गरज असं नाही. काही प्रोग्रॅम मागून ठेवतात आणि वापरत नाहीत, त्यामुळे तो जरा फुगलेला असतो. दुसऱ्या बाजूला, वाचलेल्या फाइली रॅममध्ये जपून ठेवायलाही विंडोजला मोकळी जागा लागते, ती यात धरलेली नसते. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी साधारण एकमेकींना सांभाळून घेतात, म्हणून मी हाच आकडा धरून चालतो. डावा आकडा १२-१३ च्या आत राहिला तर ८ ची स्टिक लावून एकूण १६ मध्ये तुमचं निभेल. १३ ते २० च्या मध्ये गेला तर १६ ची स्टिक. २० ओलांडून गेला तर ३२ चा विचार करा. सोबत रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेखही बघा. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो उसळी मारतोच, त्याची काळजी नको. पण बिल्ड चालू असताना तो सतत वरच राहिला तर मशीन रॅमऐवजी डिस्कवर जगतंय हे पक्कं.

तुमचा आकडा कुठे येईल याचा माझा अंदाज १३ ते १६ मध्ये आहे आणि त्याचं कारण सांगतो. विंडोज ११, अँटिव्हायरस आणि मागे चालणारी पन्नास कामं मिळून तीनेक जीबी घेतात. क्रोमचे टॅब दोन-तीन. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतः दीड-दोन. नव्या प्रोजेक्टच्या ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये ग्रेडलला (बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला) २०४८ एमबीची हीप, म्हणजे वापरायची मेमरी, दिलेली असते आणि कॉटलिन भाषेचा कंपायलर त्याच्या बाजूला वेगळी प्रोसेस उघडू शकतो. एम्युलेटर म्हणजे एक अख्खा फोन, त्याला दोन ते चार जीबी. यांची बेरीज केली की १६ मध्ये बसतं, पण कोपर ठेवायलाही जागा उरत नाही, आणि प्रोजेक्टच्या शेवटच्या महिन्यात कोणी टॅब कमी करत नाही. म्हणून १६ ची स्टिक म्हणतोय.

यातला एक खर्च तुम्ही आजच, एक रुपया न घालता, कमी करू शकता. एम्युलेटर बंद ठेवा आणि स्वतःचा फोन यूएसबीने जोडून त्यावर अॅप चालवा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं. वेगवेगळ्या स्क्रीनचे आकार तपासायचे असतील तेव्हाच एम्युलेटर. ही मोजणी एम्युलेटरसह आणि एम्युलेटरशिवाय अशी दोनदा करून बघा. दुसरा आकडा १२ च्या आत आला आणि हात आखडता असेल, तर ८ ची स्टिक घेऊन तुमचं शेवटचं वर्ष नीट पार पडेल, हे मी मनापासून सांगतो.

हात आखडता असण्याचा मुद्दा आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झालाय. काही काळ रॅम इतकी स्वस्त होती की मी लोकांना ‘मोठीच घ्या, फरक किती?’ असं सहज सांगायचो. २०२५ च्या उत्तरार्धापासून ते बदललं. एआयच्या डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांची क्षमता वळली आणि साध्या डीडीआर४, डीडीआर५ स्टिकचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यावरून वारं कुठे वाहतंय ते कळावं. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओमधले भाव मनात धरून दुकानात गेलात तर धक्का बसेल. म्हणूनच ‘एकदाच ३२ टाक’ हा मित्राचा सल्ला मला पटत नाही. दोन व्हर्च्युअल मशीन एकत्र चालवणारा, डॉकरमध्ये चार-पाच सेवा उठवणारा किंवा ड्रोन मॅपिंगचे फोटो जोडणारा माणूस असता तर मी स्वतः ३२ म्हटलं असतं. तुमच्या कामात त्यातली बरीच रॅम रिकामी बसून राहील, आणि जी वापरात येईल तिचा मोठा भाग सिंगल चॅनलचा असेल. उरलेल्या पैशातून एसएसडीचा बॅकअप घ्यायला एक बाहेरची डिस्क आली तर प्रोजेक्टच्या दृष्टीने ती जास्त मोलाची.

सेकंडहँड रॅम चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. चालेल. एसएसडीसारखी रॅम लिहून लिहून झिजत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, किंवा तुमच्या शहरातल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे काढलेल्या चांगल्या स्टिक मिळतात. अट एकच: तपासून बघायला निदान चार-पाच दिवस परत करण्याची मुभा हवी, आणि ती बिलावर लिहून घ्या.

स्टिक विकत घेण्याआधी स्लॉट खरंच आहे ना, ते डोळ्यांनी बघा. टास्क मॅनेजर ‘स्लॉट्स यूज्ड’ म्हणून जो आकडा दाखवतो तो बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरने, सांगितलेला असतो आणि तो नेहमी खरा नसतो. सोल्डर केलेली रॅमसुद्धा तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ असं दिसलं तर रॅम बोर्डवर सोल्डर आहे हे नक्की, पण काही मशीनवर सोल्डर रॅमलाही ‘एसओडिम’, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारी लॅपटॉपची स्टिक, असं म्हटलेलं असतं. काही मॉडेलांच्या स्वस्त आवृत्तीत बोर्डवर स्लॉटची जागा छापलेली असते, स्लॉट बसवलेलाच नसतो. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचं हार्डवेअर मॅन्युअल काढा, किंवा मागचं झाकण उघडून खात्री करा. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला ईमेल करून विचारा की ग्राहकाने रॅम टाकली तर चालतं का. काही कंपन्यांना चालतं, काहींचा आग्रह असतो की त्यांच्याच माणसाने उघडावं. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

कमाल मर्यादेबद्दलही गोंधळ असतो. तुमचा प्रोसेसर ६४ जीबीपर्यंत घेतो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात मात्र १२ किंवा १६ लिहिलेलं असेल. बऱ्याचदा कंपनीने जेवढं विकलं आणि तपासलं तेवढंच तिथे लिहिलेलं असतं. या पिढीच्या मशीनमध्ये १६ जीबीची स्टिक न चालल्याचं माझ्या पाहण्यात क्वचितच आलंय. ३२ ची बहुतेक वेळा चालते, पण ती बायोसवर अवलंबून असते, म्हणून तिच्यासाठी दुकानदाराकडून परतीची हमी घ्याच.

स्टिक निवडताना लेबल वाचायला शिका, पुढची दहा वर्षं उपयोगी पडेल. तुम्हाला हवी डीडीआर४, लॅपटॉपची एसओडिम, २६० पिनांची, १.२ व्होल्टची, ३२०० वेगाची. डीडीआर५ ची एसओडिम २६२ पिनांची असते आणि तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही, जोर लावू नका. लेबलवर क्षमतेच्या पुढे ‘१आरएक्स८’, ‘२आरएक्स८’ किंवा ‘१आरएक्स१६’ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रँकचा, शेवटचा एकेका चिपच्या रुंदीचा. १६ जीबीची स्टिक बहुधा १आरएक्स८ किंवा २आरएक्स८ मिळते, दोन्ही उत्तम. ८ जीबीची घेणार असाल तर मात्र लक्ष द्या: स्वस्तातल्या बऱ्याच ८ जीबी स्टिक १आरएक्स१६ असतात, त्यांच्यावर चारच चिप दिसतात. डीडीआर४ मध्ये अशा चिपना बँकांचे (चिपच्या आतल्या मेमरीच्या कप्प्यांचे) दोनच गट असतात, आठ रुंदीच्या चिपना चार, म्हणून ती किंचित मंद पडते. किंमत सारखी असेल तर आठ चिपची घ्या. नसेल तर एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

एका सापळ्याबद्दल मात्र मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. ‘गेमिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्टिकवर ३२०० लिहिलेलं असतं, पण तो वेग एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे बायोसमधून वेगळा चालू करायचा, असतो. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायची सोयच नसते. मग ती स्टिक तिच्या साध्या जेडेक (ठरलेल्या प्रमाणित) वेगावर, २४०० किंवा २६६६ वर, चालते, आणि तिच्यासोबत तुमची सोल्डर केलेली ८ जीबीसुद्धा खाली उतरते, कारण दोघींना एकाच वेगाने चालावं लागतं. साधी, बिनझगमगाटाची, सीएल२२ लिहिलेली ३२०० ची स्टिक घ्या. कंपनी कोणतीही नावाजलेली चालेल.

तुमच्यापेक्षा वेगळं मशीन असलेल्यांसाठी थोडक्यात. दोन्ही स्लॉट मोकळे असतील आणि बजेट १६ चं असेल, तर ८-८ ची जोडी घ्या. वर्षभरात ३२ वर जायचं पक्कं असेल तरच १६ ची एक घ्या. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये आत ३२ बिटांची दोन उपचॅनल असतात, त्यामुळे काही सॉफ्टवेअर एकाच स्टिकला ड्युअल दाखवतं. त्याला भुलू नका, दुसरी स्टिक लावल्याशिवाय पूर्ण रुंदी मिळत नाही. एलपीडीडीआर (बोर्डवरच सोल्डर केलेली, कमी वीज खाणारी) रॅमचे पातळ लॅपटॉप, इंटेलचे कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेचे, आणि अॅपलच्या एम मालिकेचे मॅकबुक यांत नंतर रॅम वाढवता येत नाही, तिथे जो काय निर्णय तो विकत घेतानाच.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: कमिटेडचा आकडा मोजा, स्लॉट आणि वॉरंटी बघा, आकडा १३ च्या वर असेल तर १६ जीबीची डीडीआर४-३२०० सीएल२२ एसओडिम घ्या. आता ती बसवायची कशी.

पूर्ण बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा, नाहीतर विंडोजचं फास्ट स्टार्टअप मशीनला अर्धवट झोपेत ठेवतं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की आधी फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये काही हललं तर ती मागितली जाऊ शकते. चार्जर काढा. मागचे स्क्रू काढताना ते ज्या जागेचे त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावा, काही मॉडेलांत पुढच्या कडेचे स्क्रू लहान असतात आणि लांब स्क्रू तिथे पिळला तर वरचं प्लॅस्टिक फुटतं. झाकण उचकायला धातूचा पेचकस वापरू नका, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड पुरतं. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

स्टिक कडेने धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवून साधारण तीस अंशांच्या कोनात आत ढकला, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. मग अलगद खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ करून बसतात. दोन्ही बसल्या नाहीत तर वरून दाब वाढवू नका, परत उचला आणि आत सरकवा. रॅम बदलल्यावर चालू होत नाही म्हणून आणलेल्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळा मला हेच दिसतं: स्टिक एका बाजूने दोन मिलिमीटर बाहेर.

पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काही वेळ काळी राहू शकते, पंखा फिरेल, मशीन स्वतःहून एकदा बंद होऊन परत सुरू होईल. मेमरी कंट्रोलर नव्या स्टिकशी जुळवून घेतोय. दोन-तीन मिनिटं हात लावू नका. विंडोज उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये २४ जीबी आणि ३२०० चा वेग दिसायला हवा. सीपीयू-झेड उतरवून एसपीडीच्या (स्टिकच्या माहितीच्या) पानावर स्टिकचा पार्ट नंबर आणि लेबलवरचा नंबर जुळतो का ते पहा, विशेषतः सेकंडहँड असेल तर. आणि ग्रेडल प्रॉपर्टीजमधली ती २०४८ एमबीची मर्यादा आता ४०९६ करा, नाहीतर नवी रॅम असूनही ग्रेडल जुन्याच जागेत अंग चोरून बसेल. पेजफाइल बंद करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. हायबरनेशनची फाइल मात्र रॅमच्या प्रमाणात वाढते, २४ जीबीला साधारण साडेनऊ-दहा जीबी, तेवढी जागा एसएसडीवर मोकळी ठेवा.

शेवटचं काम त्याच रात्री करा. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, चार्जर लावून ठेवा आणि झोपा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. सकाळी स्क्रीनवर एक जरी एरर दिसली, तर स्टिक एकदा काढून नीट बसवून परत चालवा. पुन्हा आली तर स्टिक बदलून घ्या, ‘एकच तर आहे’ म्हणून ठेवून घेऊ नका. खराब रॅम सुरुवातीला काही दाखवत नाही. काही आठवड्यांनी एखादी झिप उघडत नाही, बिल्ड कारण नसताना कोसळतो, प्रोजेक्टची फाइल खराब होते, आणि तोवर दुकानाची परतीची मुदत संपलेली असते.